बेट, तीस बाय साठ

परदेशी ऑर्डर. पाचशे नग, तीस बाय साठ,
निळ्यावर पांढरं. मधोमध बेटाचा नकाशा,
काठाला बेटाचा इतिहास, चार ओळींत.
शेठनी कागद पुढं सारला :
"येमुल, शुक्रवारपर्यंत कार्डं पाडा."

चाळीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडतोय.
भोक असलं की धागा वर, नसलं की खाली.
मोर पाडले, ताजमहाल पाडला, 'सुस्वागतम्' तर किती.
समुद्र पहिल्यांदाच.
पाहिलेलाही नाही.

अनसूयानं इंग्रजी वाचून सांगितलं :
एका जहाजाला बेट दिसलं. माणूस नव्हता.
शेळ्या सोडून ते पुढं गेले, परतताना खायला होतील म्हणून.
मग दुसऱ्यांचा झेंडा, मग तिसऱ्यांचा,
तो अजून आहे.
मधली दोनशे वर्षं जहाजं तिथं थांबायची
फक्त गोड्या पाण्यासाठी.

मला हसू आलं.
आमच्या पूर्व भागात नळ पाचव्या दिवशी येतो,
आमच्याकडं कोण थांबतंय.

चौकटीच्या कागदावर किनारा रंगवत बसलो.
सिद्धेश्वराच्या तळ्यातलं देऊळ,
एवढंच एक बेट मला ठाऊक.

पाचवी ओळही होती, लाल रेघेनं खोडलेली.
"ही काय गं?"
"नारळाच्या कामाला माणसं आणली होती, अप्पा.
पुढं तिथं फौजेचा तळ करायचा ठरला.
सगळ्यांना बोटीत घातलं.
कुत्री धक्क्यावर राहिली."

शेठ म्हणाले, पार्टीनंच खोडलंय. जागा पण नाही.

माझा आजा सांगायचा,
मार्शल लॉच्या आधी तीन-चार दिवस
सोलापुरात सरकारच नव्हतं.
"मग तुम्ही काय केलं?"
"काय करणार? लुगडं अर्धं मागावर होतं."

पाचवी ओळ मी पाडली नाही. खोटं कशाला सांगू.
पण कुत्रं बावीस धाग्यांत बसतं,
शेपूट धरून चोवीस.
मोजून ठेवलंय.

पहिल्या नगात एक कार्ड उलटं लागलं,
तिसरा झेंडा खाली डोकं वर पाय.
रिजेक्ट म्हणून घरी आणला.
आज पहाटे पाणी आलं. भूदेवीनं पिंप भरलं,
आणि धूळ नको म्हणून
वर बेट झाकलं.