दार बंद करायचं बटण

मी ताम्पेरेत लिफ्ट दुरुस्त करते,
एकवीस वर्षं झाली.
म्हणून विचारू नका, आणि विचारलंतच तर सांगते :
स्टेशनामागच्या त्या नऊमजली इमारतीत
'दार बंद' या बटणाच्या मागे
वायरच नाही.

लोक दाबतात. दोनदा, तीनदा,
उशीर झाला असेल तर अंगठा दुखेस्तोवर.
दार आपल्या वेळेला मिटतं
आणि माणसाला वाटतं, मी मिटवलं.
हे ठाऊक असून मीही दाबते.

बाकी माझी मतं थोडी आहेत, आणि फुकटची.

भांडी निथळायचं कपाट :
सिंकच्या वर, तळाला नुसत्या पट्ट्या.
ओली बशी ठेवायची, दार लावायचं, विसरायचं.
आईच्या स्वयंपाकघरात होतं तसंच आहे अजून.
त्याची नवी आवृत्ती कुणी आणली नाही.
त्याने मला कधी विचारलं नाही,
'आजचा अनुभव कसा वाटला?'

फोनचं उलट.
रात्री झोपते तेव्हा सगळं जागच्या जागी,
सकाळी बघते तर कुणीतरी येऊन
मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवून गेलंय.
वर म्हणतं, बघा, किती सोपं केलं!

मायक्रोवेव्ह पाच वेळा ओरडतो.
ऐकलं रे बाबा. पहिल्याच खेपेला ऐकलं.

खेळांचं म्हणाल तर
डिसेंबरात इथे तीनला दिवा लावावा लागतो,
तेव्हा हातात कंट्रोलर असणं याला मी व्यसन म्हणत नाही.
मारामारी चालते मला. रक्तही चालतं.
पण मध्येच सेव्ह करू न देणारा खेळ
ज्याने बनवला, त्याच्या घरी
दूध कधी उतू गेलं नसणार,
दारावर कधी कुणी आलं नसणार.

माझा नवरा पासी
खऱ्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून
पाच तास बसतो, रिकाम्या हाती येतो,
बूट काढतो
आणि पडद्यासमोर बसून मासे धरतो.
इथे तरी लागतात, म्हणतो.
यावरचं मत मी राखून ठेवलंय.

तर, ते बटण.
सातव्या मजल्यावरच्या साइमी तोरोलाबाईंना
कुणीतरी ते गुपित सांगितलं.
मला गाठून म्हणाल्या,
'हातात पक्कड आहे ना? मग जोड की वायर.'
जोडली. दहा मिनिटांचं काम.
पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन : काढ ती.

गेले. 'का? चालत नाही?'
'चालतंय ना. तेच तर.'

मग हळूहळू निघालं.
रोज सव्वाआठला त्या पाव घेऊन लिफ्टमध्ये शिरतात,
तेवढ्यात सहाव्या मजल्यावरचा ओस्सी वेहमास
आपला जाडा कुत्रा ओढत अंगणातून येताना दिसतो.
त्या बटण दाबतात.
दार काही मिटत नाही, तो पोचतो,
मग सहा मजले दोघं मिळून
या लिफ्टला नावं ठेवतात.
अकरा वर्षं असं चाललं होतं.
'आता दाबलं की मिटतंच.
काल त्याच्या तोंडावर मिटलं.'

'मग दाबू नका,' मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं मी बघते एखाद्या जळलेल्या सर्किटकडे.
'दाबू नको? म्हणजे त्याला वाटेल
मी त्याच्यासाठी थांबले!'

वायर काढली.
कामाच्या कागदावर लिहिलं : दोष दूर केला.

रात्री पासीला हे सांगितलं.
त्याने खेळ थांबवून ऐकलं सगळं.
गळाला मासा होता, तरी.