सिंदेवाही, मे

निकेश गुरनुले कागद घेऊन आला,
चार घड्या पडलेला, घामानं कोपरे मऊ.
डावीकडे एक प्रोसेसर, उजवीकडे दुसरा,
दोन्ही अजून बाजारात यायचे आहेत.
"संघमित्राताई, सांग ना, कोणाची वाट पाहू?"

मी तेव्हा ग्रामपंचायतीच्या डब्यातून
पाल काढत होते. वाळून पापड झालेली,
पंख्याच्या पात्यात शेपूट.
म्हटलं, थांब जरा.

तो थांबला नाही. वाचत सुटला:
ह्याचे आठ कोर मोठे, सोळा लहान,
त्याचे सगळे सारखे, पण वेगवेगळ्या तुकड्यांत घडवून
एका पाटीवर जोडलेले.
मला रोवण्याची टोळी दिसली.
जाणत्या बाया गाळात वाकलेल्या,
पोरी धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकणाऱ्या.
तुकडे जोडलेत ना, मी म्हटलं, मग एवढंच बघ,
या बांधीतली हाक त्या बांधीत
किती वेळानं पोचते.
निकेशनं ते लिहून घेतलं.

घड्याळाचा वेग दोघांचा उन्नीस-बीस.
त्याचं मला काही नाही. आमच्या भागात
धानालाही घड्याळाचं नाव आहे, एचएमटी,
म्हणून ते काही लवकर पिकत नाही.

"पण नव्या पिढीचा अंदाज जबर आहे ताई!
पुढची वाट कुठं वळणार, आधीच ताडते,
अन् कामाला लागते."
समोर शालिकची टपरी. मूलची गाडी
वळणावर धूळ उडवते तेव्हाच तो सहा कट ओततो.
कधी सहाजण उतरतात.
कधी नुसता कंडक्टर, तोही लघवीला,
मग साय धरलेला चहा नालीत.
"तसंच," निकेश म्हणाला, "फक्त ह्याची नाली लहान."
आम्ही हसलो. शालिकनं तिकडून विचारलं,
काहून हसून रायले बा?

बारावीपासून आणतो तो असे कागद.
त्याला धानाच्या पानावरचा करपा
फोटोवरून ओळखणारा प्रोग्राम करायचा आहे.
जुना लॅपटॉप रात्रभर घरघरतो,
पहाटे सांगतो, हा करपा असेल,
नाहीतर सावली.
त्यानं वाट पाहिलेली पहिली पिढी
आता माझ्या फडताळात, औषधाच्या डबीत,
पिना वाकलेली.
सुईनं एकेक सरळ करते मी, श्वास धरून.
तीही कधी उजवीकडच्या रकान्यात होती,
ठळक अक्षरात.

मी एकच विचारलं.
पत्र्याखाली पाल वाळते त्या दुपारी,
कूलरची टाकी कोरडी,
लाईन येते-जाते-येते,
तेव्हा ह्यातला कोण आपला वेग किती सोडतो?

त्यानं बारीक अक्षरांतली तळटीप शोधली.
खोलीचं तापमान बावीस अंश, लिहिलं होतं.
बावीस, तो पुन्हा म्हणाला,
जणू कोणी परगावचा पाहुणा.

मग माझंच पेन उचललं,
तक्त्याखाली एक आडवी ओळ आखली,
कडेला लिहिलं: सिंदेवाही, मे.
डावीकडे रिकामं. उजवीकडे रिकामं.
"येऊ दे दोन्ही," म्हणाला, "इथंच मोजू,"
आणि पाचवी घडी घातली
जुन्या चारांना छेदून, तिरपी.

पेन घेऊन गेला. पालीचं शेपूट
अजून पात्यातच होतं.