नऊ ठिपके

बुधाजी तांडेल नवा फोन घेऊन दुकानात आला
तेव्हा पडद्यावर बर्फाचा डोंगर होता.
"ह्यो डोंगर कोणाचो?"
कंपनीचा, मी म्हटलं.
"काढ. माका काळोख लाव."
रात्री जाळं टाकताना पांढरा उजेड तोंडावर पडला
की कितीतरी वेळ डोळे समुद्राचे राहत नाहीत.
डार्क मोड लावला. अक्षरं वाढवली,
इतकी की 'सेटिंग्ज' दोन ओळींत तुटलं.

वरून बोटाने ओढलं की पडदा उतरतो, तो दाखवला.
त्यावर वायफाय, टॉर्च, विमान.
"इमान कित्याक?"
ते मलाही नीट सांगता आलं नाही.
लोकेशनवर मात्र तो थांबला.
"मी खय आसंय तां ह्यो कोणाक सांगता?"
सगळ्यांना थोडं थोडं.
"मगे बंद कर. सुरमय खय गावता
तां मी सख्ख्या भावाक सांगलंय नाय."

नको ती ॲपं काढत गेले. सहा निघाली, चार निघेनात.
ही आतलीच आहेत, म्हटलं, हलवता येत नाहीत,
फार तर गप्प बसवता येतात.
त्याने मान डोलावली. "म्हणजे राखणदार.
ऱ्हवांदेत. काय मागनत नाय मा?"
अधूनमधून अपडेट मागतात.
"नारळ तरी सवाय."

घरचा नंबर थेट पडद्यावर हवा होता.
होमचं बटण खाली आहेच, मी म्हणाले.
"तां तुजां घर. माका माजां होयां."

मग कुलूप.
बोट टेकवा, म्हटलं. फोनने ओळखलं नाही.
अंगठा, मधलं, डाव्या हाताची सगळी.
दोराने आणि मिठाने चाळीस वर्षांत
रेषा घासून नेल्या होत्या.
"रेशनाच्या मशिनीचां पण ह्यांच," तो म्हणाला
आणि हात लुंगीला पुसून परत पुढे केला,
जणू चूक ओल्याची असावी.

म्हणून नऊ ठिपके काढून दिले.
कुठूनही सुरू करा, पण रोज तसंच.
बुधाजी बराच वेळ बघत राहिला.
मग बोट ठेवलं, आणि मोठ्याने:
"हयसर सुरूचां बन.
टावर नि पिराचां निशाण एका रेगेत इलां
काय उजवीक मारूचां.
सरळ नको, कासवखडप आसा. वळसो.
मगे जेटी."
बाकावर हायस्कूलची दोन पोरं होती,
रिचार्जला थांबलेले चव्हाण मास्तर होते.
हळू, मी म्हटलं, सगळे ऐकतायत.
"आयकांदेत. आयकान कोण खाडयेत शिरलो?"

नारळी पुनवेनंतर तीन आठवड्यांनी
तो पुन्हा आला. फोन उघडत नव्हता.
चुकीचं. चुकीचं. तीस सेकंद थांबा.
हात मात्र ठामपणे चालत होता,
पण दुसऱ्या ओळीतून, खडपाच्या पलीकडून.
"रेंव सरकली," शेवटी तोच म्हणाला.
"खाडयेचां तोंड दोन होडये दक्षिणेक गेलां.
म्हयनोभर नव्या वाटेन येतंय.
फोनाक कोणी सांगूक नाय?"

नवी वाट द्यायची तर आधी जुनी लागते.
असंच बनवलंय ते. आठवा, म्हटलं.
त्याने डोळे मिटले. बोट ठेवलं, उचललं.
बंद झालेल्या वाटेवर त्याचा हात जाईना.

मी फोन माझ्याकडे घेतला.
सुरूचं बन. टॉवर आणि निशाण. उजवीकडे.
सरळ नको. वळसा. जेटी.
उघडला.
मला पोहता येत नाही, आणि होडीत
मी एकदाच बसलेय, तीही बांधलेल्या.
बुधाजी हसला नाही. म्हणाला,
"आयकान शिरलंस की गो!"

नवीन काढताना तो काही बोलला नाही.
फोनने विचारलं, खात्रीसाठी पुन्हा एकदा.
तेवढा वेळ मी पाठ करून
चार्जरच्या वायरी गुंडाळत बसले,
आधीच गुंडाळलेल्या होत्या त्या.