पाऊण इंची पटाशी

अन्स्ट बेटावर झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल.
एका भिंतीआड चार-दोन आहेत, ती पाहुण्यांना दाखवतो.
बाकी वारा कुणाला उभं राहू देत नाही,
माणसंसुद्धा तिरकी चालतात.
लाकूड येतं ते समुद्राकडून
आणि समुद्र पावती देत नाही.

लार्चच्या या फळ्या चार वर्षांपूर्वी आल्या,
कुठल्याशा जहाजाच्या डेकवरून वादळात सुटलेल्या,
मिठानं पांढऱ्या, कडांना शिंपले.
भरतीच्या रेघेवर ओढून मी त्यांच्यावर एक धोंडा ठेवला.
धोंडा ठेवला की झालं.
आमच्याकडे याहून मोठं कुलूप नसतं.

माझी हत्यारं तीस वर्षं मासळीच्या खोक्यात राहिली,
रंध्यावर पाना, पान्यावर करवत,
एकमेकींची धार खात,
एका चुलीवरच्या जावांसारखी.
गुण्या शोधायला हात घातला की आधी रक्त यायचं.
फेरीबोटीवरची नोकरी संपली त्या नोव्हेंबरात,
दुपारी तीनला दिवा लावायची वेळ आली तेव्हा
ठरवलं, यांना पेटी करायची.
नीट. देखणी.

"खोक्याला काय झालंय, अँड्रीना?" गिबी म्हणाला.
गिबी माझा भाऊ.
नव्या गोष्टीला तो आधी जुनीची बाजू विचारतो.

लांबी करवतीनं ठरवली, तिला दुमडता येत नाही.
उंची रंध्यांनी.
रुंदी माझ्या हातांनी, वाकून तळ लागेल एवढीच,
कारण कंबर आता प्रत्येक गोष्टीत मत देते.

कोपरे पारव्याच्या शेपटीचे:
एका फळीला शेपट्या, दुसरीला त्यांच्या खोबणी,
ओढून सुटू नये अशी गुंतवण.
पहिला कोपरा बघवत नाही.
करवत रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यात आठवडा गेला,
फटींत पाचरी ठोकल्या, सरस ओतला,
तोंडानं काय काय म्हटलं ते शेडलाच ठाऊक.
दुसरा बरा.
तिसऱ्याला अर्धी रेघ जिवंत ठेवली.
चौथा मोगरीच्या दोन ठोक्यांत बसला,
बोट धक्क्याला अलगद टेकावी तसा आवाज झाला.
मी तो काढला आणि पुन्हा बसवला.
नुसता ऐकायला.

बाहेरून निळा रंग, होडीचा उरलेला.
देखणेपण सगळं आत.
चर्च बंद पडलं तेव्हा लिलावात दहा पौंडांना घेतलेलं बाक,
त्याच्या पिकल्या पाइनचे कप्पे.
बाकाच्या पाठीवर कुणा पोरानं
लांबलेल्या प्रवचनात होडी कोरलीय,
शीड, सुकाणू, पाण्याच्या तीन रेघा.
ती फळी झाकणाच्या आतल्या अंगाला घेतली.
रंधा तिला वळसा घालून नेला.

मग वरच्या कप्प्यात खाचा, जिच्या तिच्या मापाच्या.
आठ पटाश्या, पाव इंचीपासून दीड इंचीपर्यंत,
एका अंथरुणावर निजलेल्या भावंडांसारख्या.
खरं तर सात.
पाऊण इंची घरात नाही.
तिची खाच तरी केली,
जुन्या कॅटलॉगातल्या चित्रावरून.

रविवारी गिबी आला, झाकण उचललं.
होडीवरून अंगठा फिरवला, जरा जास्तच वेळ.
मग खाली बघितलं,
पटाशीच्या आकाराचा तो मोकळा अंधार.
एक्क्याण्णव साली मेंढवाड्याचं दार बसवायला
नेली होती त्यानं, दोन दिवसांसाठी.
तो काही बोलला नाही.
मी किटली ठेवली.

मंगळवारी ती उंबऱ्यावर होती,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
मनगटावरची लव उतरावी अशी धार.
मूठ नवी,
आणि इतक्या वर्षांच्या दगडानं
पातं चांगलं बोटभर आखूड.

खाचेत ती ढिली पडते.
टोकाला लाकडाचा तुकडा लावला तर बसेल घट्ट,
दहा मिनिटांचं काम.
लावला नाही.
झाकण मिटलं की ती आत एकदा सरकते,
खट्ट,
मग मी शेडचा दिवा मालवते.