अडीचशे फूट

अवालीच्या कंपनी थिएटरात मी ऑपरेटर.
गुरुवारी साहेबांचा खेळ, आत, थंड हवेत.
शुक्रवारी तोच आमचा,
वर्कशॉपमागे, चुना मारलेल्या भिंतीवर,
बसायला तेलाचे रिकामे डबे.

एकदा पेटीत रिळांच्या खाली
एक वेगळी गुंडाळी निघाली, सुतळीनं बांधलेली.
दिव्यासमोर धरली.
काळी बाई, पांढरा झगा, गाते आहे.
ऑर्लीन टिलमन.
खांबाला टेकून, एकटी.
नायक नाही, वाजवणारे नाहीत,
चौकटीत दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा नाही.
मला वाटलं, केवढा मान दिलाय!

सित्राच्या धक्क्याला टँकर लागला होता.
त्यावरचा आचारी, तिच्याच रंगाचा, तिच्याच मुलखातला,
हसला.
मान कसला?
कापायला सोपी जावी, म्हणून अशी उभी करतात.
आमच्या गावात सिनेमा यायचा, ती यायची नाही.
आम्ही मागच्या जिन्यानं माळ्यावर,
आणि गाण्याच्या जागी पडदा
नुसता एकदा दचकायचा.
बाकी पिक्चरांत ती दार उघडते, कोट घेते,
"होय बाईसाहेब" म्हणते.
ते नाही कापत.

शुक्रवारी ब्लेडनं कड खरवडली,
सिमेंट लावलं, दाबून धरलं,
तीस आकडे मोजले.
अडीचशे फूट. पावणेतीन मिनिटं.
बलुची फिटर, मद्रासी कारकून, आमचे राजापूरचे दोघे,
आणि भिंतभर ती.
मध्येच वाळू उडाली, तिच्या तोंडावरून गेली.
ती गातच राहिली.
आचारी डब्यावरून उठून उभा राहिला.
मागचे ओरडले, ए, खाली बस!

शनिवारी साहेबानं विचारलं, रीळ लांब कसं झालं?
म्हटलं, साहेब, उन्हानं.

चौऱ्याहत्तर साली ती स्वतः आली,
मनामाच्या एका हॉटेलात, तीन रात्रींसाठी.
तिकीट म्हणजे माझं महिन्याचं जेवण.
भांडी घासणारा ओळखीचा, त्यानं मला
मुदपाकखान्याच्या दारात उभं केलं.
केस पिकलेले. दोन गाण्यांमध्ये खुर्चीत बसायची.
समोर पाच टेबलं, एकावर बिलावरून वाद.
डावीकडे खांब होता, आरशाचे तुकडे जडवलेला.
मी खांबाकडेच बघत होतो.

ती पियानोपाशी गेली.
वाजवणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला,
तसाच ठेवून गायली.
एक वेटर बर्फ घेऊन
मधूनच गेला,
तोही गाण्यात आला.