सेल वेगळे

हडर्सफील्डच्या या दुकानात मी चौथ्यांदा उभा आहे,
कोटावरून पाणी निथळतंय,
आणि घुबड खोक्यातून माझ्याकडे बघतंय.
पांढरं, लोकरी, पाऊणशे पौंडांचं.
पोटावर बाण : इथे दाबा.
इतक्या पोरांनी दाबलंय
की आवाज बसलाय त्याचा, पडसं झाल्यासारखा.
डावा पंख हलतो.
उजवा विचार करतो.

जाहिरातीत ते बर्फाळ डोंगरांवरून उडतं.
खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात : उडत नाही.
त्याखाली : सेल वेगळे.

गेल्या वर्षी अंडं होतं.
लीड्सपर्यंत गाडी मारून आणलेलं.
चाळीस मिनिटांत फुटलं, आतून जांभळं काहीतरी निघालं,
दुपारी सोफ्याखाली गेलं
ते मार्चमध्ये सापडलं.
तसलीच तीन आता हॉस्पिसच्या दुकानात,
दोन पौंडांना एक,
जुन्या किटल्यांच्या शेजारी.

मृण्मयी म्हणते, स्पष्ट सांग ना त्याला.
काय सांगू?
की सात वर्षांच्या माणसा,
तुला जे हवंय ते या खोक्यात नाहीये?
त्याने पत्रात घुबड काढलंय, दोन्ही पंख पसरलेलं,
खाली आमच्या उतारावरची घरं, धुराडी,
एका खिडकीत तो.
आम्ही दोघं चित्रात नाही.

अकोल्याला बाहेतींच्या काचेच्या कपाटात
एक अंतराळवीर होता.
छातीची दारं उघडायची, आत लाल दिवे.
बाबा जिनिंगमध्ये कारकून.
म्हणाले, दोन दिवसांत मोडेल.
चूक काहीच नव्हतं त्यात.
पण जे मिळालंच नाही ते मोडणार कसं?
चौतीस वर्षं चालतोय तो,
अजून एक ओरखडा नाही अंगावर.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, किती म्हणालास?
मनातल्या मनात गुणाकार केला.
आठ हजार, म्हणाले.
मग इतका वेळ गप्प,
की मला वाटलं रेंज गेली.
"घेऊन टाक."
मोडेल हो, बाबा.
"मोडेलच की.
त्या बाहेतीकडे मी दोनदा जाऊन आलो होतो.
दुसऱ्यांदा पैसे घेऊन.
सेल वेगळे, म्हणाला लेकाचा."

नाताळच्या सकाळी बाहेर नुसतं धुकं.
घुबडाने नाव विचारलं.
"ओजस."
हॅलो, जॉर्जेस.
"ओजस!"
हॅलो, ओशन्स.
तिसऱ्यांदा त्याने नाव जरा वाकवून सांगितलं,
शाळेत सांगतो तसं.
तरी जॉर्जेस.
मग घुबड गालिच्यावर एक चक्कर मारून
टेबलाच्या पायाला अडलं,
आणि तिथेच फडफडत राहिलं. डावीकडून.

ओजसने घुबडाकडे पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहिलं.
"मस्त आहे, बाबा. खरंच."

ते 'खरंच' मला ओळखू आलं.
बाहेतींच्या दुकानावरून जाताना,
कोणी काही विचारलेलं नसताना,
मीच एकदा बाबांचा हात ओढून म्हणालो होतो,
दोन दिवसांत मोडलंच असतं ना ते.
बाबा हूं म्हणाले
आणि उसाच्या रसाला थांबले.
महिनाअखेर होती.

रात्री दोनला खालून आवाज आला.
हॅलो, ओशन्स.
अंधारात एकटंच बोलत होतं.
छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन मी खाली गेलो,
त्याला मांडीवर पालथं घातलं.
चार स्क्रू. तीन निघाले.
चौथ्याशी थांबलो.
सुलटं केलं.
जिन्याकडे एकदा बघून घेतलं
आणि त्याच्या बसक्या, लोकरी कानाशी हळूच म्हणालो,
ओ. जस.

हॅलो, जॉर्जेस.

ओ.
जस.

घुबड थांबलं.
डोळे मिटले, उघडले.
डावा पंख उचलला.