अंगठा

मार्च लागला तरी मुहू बेटाभोवतीचा समुद्र
होडी सोडण्याजोगा झाला नव्हता,
आणि वीवेच्या डाव्या हातमोज्याला
अंगठा नव्हता.

शाळेत जोड मागितला होता. शुक्रवारपर्यंत.
ती नुसतं भोक घेऊन माझ्यासमोर बसली,
पाच सुया, केशरी लोकर, नाक लाल.
"तुला जाळी येते ना विणता? मग?"

जाळी येते.
सहाव्या वर्षी बापाने लाकडी सुई हातात दिली,
ती अजून खिशात असते.
पण जाळीत घराघराला गाठ असते.
एक घर तुटलं तर बाकीची आपापल्या जागी राहतात,
जायचा तो मासा जातो, जाऊ दे.
लोकरीला गाठच नाही.
एकाच्या गळ्यात दुसरा अडकवलेला,
एवढाच काय तो भरवसा.
एक निसटला की मनगटापर्यंत
सगळे निघाले वरातीला.
या विद्येत मी अंगठेबहाद्दर.

हेल्यूला येत होतं.
पोरगी दहाची झाली की शिकवीन, म्हणायची.
वीवे नऊची होती तेव्हा.

पाव तेवढा सांगून गेली, तोही अर्धा:
राईचं पीठ, आदल्या पावाचं विरजण,
लाकडी काथवट कधी धुवायची नाही.
आणि मीठ?
"हाताला कळतं."
माझ्या हाताला मासे खारवायचं मीठ कळतं.
पहिला पाव उकूने कुत्र्याला घातला,
कुत्रा रात्रभर पाणी पीत होता.
आता बरा होतो.
आता उकू कोपरापर्यंत बरबटून पीठ मळतो,
आणि मूठभर गोळा विरजणाला बाजूला काढायची
आठवण मला तोच करतो.
सात वर्षांचा आहे. एकदाही विसरला नाही.

बुधवारी रात्री मी पेटी उघडली.
तिने स्वतःसाठी विणलेला शेवटचा जोड,
एकदाही न घातलेला.
डावा काढला, कात्री वीवेला दिली.
ती म्हणाली, नको.
मी म्हटलं, उसवल्याशिवाय कसं कळणार
कुठून सुरू केलं ते.

अंगठ्याच्या शेंड्यापासून उसवत खाली आलो.
दर ओळीला थांबायचं, मोजायचं,
उकूने वहीत लिहायचं:
सहा. दहा. चौदा. अठरा.
मग अठराच, अठराच, अठराच.
निघालेली लोकर सरळ होईना,
टाक्यांचं वळण धरून
टेबलावर शेवयांसारखी पडून राहिली.

आणि अगदी बुडाशी, तळव्याच्या बाजूला,
जिथे कुणी बघत नाही,
एकोणीस.
एकाच्या जागी दोन टाके कोंबलेले.
मोजायला चुकली होती बाई
आणि गुपचूप लपवून मोकळी झाली होती.
हेल्यू!
जी माझ्या जाळीतली ढिली गाठ
चहा ओतता ओतता लांबून दाखवायची.
मला इतकं हसू फुटलं
की वीवे आधी घाबरली,
मग तिलाही आवरेना.
उकूने विचारलं, एकोणीस खोडू?
नको म्हटलं, राहू दे.

गुरुवारी तिनेच विणला.
मी फक्त वही खालून वर वाचत होतो,
होडीवरच्या आवाजात:
धर. ओढ. सोडू नकोस.
"बाबा, ही चूक पण घ्यायची?"
मला काही सुचलं नाही.
उकू ओव्हनच्या काचेला नाक लावून
पाव फुगतोय का बघत होता.
तिने घेतली.

शुक्रवारी जोड शाळेत गेला.
हेल्यूचा डावा मात्र
बिनअंगठ्याचा टेबलावर पडलाय.
वीवे म्हणते, तो तू करायचा,
मी शिकवते.
त्याच वाकड्या लोकरीने बसलोय.
सुया काटेरी, बोटं जाड,
मास्तरीण कडक.
दोन टाके झालेत.
तिसरा पळाला.